पिशवी चढते, काउंट चढत नाही

सकाळी साडेसातला वॉर्डातून फोन आला. "मॅडम, बेड अकराला आणखी एक एसडीपी लागेल. काउंट सहा आहे."

एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून मशीनने काढलेल्या प्लेटलेटची, रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींची, पिशवी. सहा म्हणजे सहा हजार. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. दहा हजारांच्या खाली गेलं की रक्तस्राव होत नसला तरी प्लेटलेट देण्याचा रिवाज आहे, त्यामुळे मागणीत गैर काही नव्हतं. पण याच बेडला आदल्या दिवशी दुपारी एसडीपी गेली होती, असं मला अंधुकसं आठवत होतं. रजिस्टर उघडलं. नऊ दिवसांत पाच एसडीपी. प्रत्येक पिशवीच्या आधीचा काउंट ओळीने कागदावर उतरवला: ७, ५, ६, ६, ५. आणि आज ६. पाच दात्यांनी मशीनवर तास-सव्वा तास बसून दिलेलं रक्त त्या बाईच्या अंगात गेलं होतं, आणि आकड्यांत त्याचा मागमूस नव्हता.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या रक्तकेंद्रात काम करते. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. प्रकरण मात्र लिहावंसं वाटलं, कारण त्यात आमच्या चुकाही आहेत आणि त्या दुसरीकडेही रोज होत असणार.

बाई ३८ वर्षांच्या, बार्शीकडच्या. निदान ॲप्लास्टिक ॲनिमिया, म्हणजे अस्थिमज्जेने रक्तपेशी बनवणंच जवळजवळ थांबवलेलं. हिरड्यांतून रक्त, पायांवर लाल ठिपके, पाळी सुरू झाली की थांबायचं नाव नाही, म्हणून ती गोळ्यांनी बंद ठेवलेली. पुण्यात येण्याआधी गावाकडच्या रुग्णालयात आठ-दहा आरडीपी आणि चार पिशव्या लाल रक्त चढलं होतं, सगळं साधं, पांढऱ्या पेशी न गाळलेलं. आरडीपी म्हणजे रक्तदानाच्या एका पिशवीतून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट, साधारण साडेचार हजार कोटी. एसडीपीत निदान तीस हजार कोटी असाव्या लागतात. म्हणजे एक एसडीपी सहा-सात आरडीपींच्या तोडीची. आणखी एक माहिती होती, पण ती आमच्या मागणीपत्रावर नव्हती. 'पूर्वीची गर्भधारणा' या रकान्यात कुणीतरी नुसती आडवी रेघ मारली होती. बाईंना दोन मुलं, आणि मधे पाचव्या महिन्यात झालेला एक गर्भपात. त्या रेघेमुळे आमचे नऊ दिवस गेले.

तापाने, की अँटिबॉडीने?

वॉर्डातल्या रेसिडेंट डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. "ताप १०२ आहे, ॲम्फोटेरिसिन चालू आहे. प्लेटलेट टिकणार कशा?" (ॲम्फोटेरिसिन हे बुरशीच्या संसर्गावरचं औषध.) हे म्हणणं खोटं नाही. प्लेटलेट देऊनही काउंट वाढत नाही अशा रुग्णांत बहुतेक वेळा कारण प्रतिकारशक्तीचं नसतंच. ताप, जंतुसंसर्ग, वाढलेली प्लीहा, रक्तस्राव आणि काही औषधं यांतच प्लेटलेट संपतात. त्यामुळे पहिला संशय तापावर घेणं बरोबरच. चूक पुढे झाली: तो संशय तपासून पाहिला नाही.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. पिशवी संपल्यावर दहा मिनिटं ते एक तास या वेळात एकदा काउंट काढायचा, आणि दुसरा चोवीस तासांनी. तापात प्लेटलेट खर्च होतात, पण आधी जमा तर होतात. तासाभराने काउंट वर गेलेला दिसतो, दुसऱ्या सकाळी उतरलेला असतो, महिन्याच्या पगारासारखा. अंगात प्लेटलेटविरुद्ध अँटिबॉडी असतील तर पगार खात्यावर येतच नाही. तासाभरानेही आकडा जिथल्या तिथे. (प्लीहा फार वाढलेली असेल तर हा निकष फसतो. या बाईंची प्लीहा हाताला लागत नव्हती.) आमच्याकडे पाचही पिशव्यांनंतर काउंट काढला होता तो थेट दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, रोजच्या रक्तासोबत. सकाळचा काउंट दोन्ही कारणांत सारखाच दिसतो. आणि वॉर्डाने तासाचा काउंट काढला नाही म्हणून बोटं मोडण्यात अर्थ नाही. पाच पिशव्या देताना आम्हीही तो मागितला नव्हता.

दुसरी गोम रजिस्टरात सापडली. बाईंचा रक्तगट ओ. पावसाळ्याचा शेवट होता, शहरभर डेंगी, एसडीपीला रांग. त्यामुळे पाचपैकी दोन पिशव्या दुसऱ्या गटांच्या गेल्या होत्या, एक ए आणि एक बी. प्लेटलेटवर ए आणि बी हे घटक थोड्या प्रमाणात असतात, आणि ओ गटाच्या माणसात त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी जन्मापासूनच्याच म्हणायच्या. त्याने वाढ कमी मिळू शकते. म्हणून नियम असा: ओळीने दोन वेळा, गट जुळणारी आणि ताजी पिशवी देऊन, तासाचा काउंट बघायचा, दोन्ही वेळा वाढ नसेल तरच 'रिफ्रॅक्टरी', म्हणजे प्लेटलेटला दाद न देणारा रुग्ण, हा शब्द उच्चारायचा. आधीच्या पाच पिशव्या या हिशोबात धरता येत नव्हत्या.

पहिला प्रयत्न वाया गेला. दोन दिवसांची ओ गटाची एसडीपी दुपारी दीडला संपली, दोनला ड्यूटी बदलली, आणि नमुना घेतला गेला संध्याकाळी सातला. दुसऱ्या वेळी मी आमच्या तंत्रज्ञाला ट्यूब घेऊन बेडशेजारी स्टुलावरच बसवलं. "पिशवी संपली की मोबाइलवर पन्नास मिनिटं लाव, वाजलं की सिस्टरना हाक मार." तो म्हणाला, "मॅडम, नातेवाईक मला नर्सिंगचा पोरगा समजून चहा विचारतायत." म्हटलं, पी.

पन्नासाव्या मिनिटाचा काउंट आला ८ हजार. आधीचा ६. पिशवीत ३२ हजार कोटी प्लेटलेट होत्या. रुग्ण मोठा असेल तर तीच पिशवी कमी उमटते, लहान असेल तर जास्त, म्हणून एक दुरुस्ती करतात: काउंटमधली वाढ गुणिले शरीराचं पृष्ठफळ, भागिले पिशवीतल्या प्लेटलेट (दहा हजार कोटींचं एक एकक धरून). बाईंची उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४९ किलो, पृष्ठफळ १.४४ चौरस मीटर. दोन हजार गुणिले १.४४, भागिले ३.२, म्हणजे ९००. तासाभराच्या नमुन्यात हा आकडा साडेसात हजारांच्या खाली असला की वाढ अपुरी म्हणतात. काही ठिकाणी पाच हजारांची रेघ धरतात. आमचा आकडा कुठल्याच रेघेच्या आसपास नव्हता. साडेसात हजार गाठायलाही या बाईंचा काउंट सहावरून तेवीसच्या जवळ जायला हवा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओ गटाची ताजी पिशवी, ३० हजार कोटींची: ५ वरून ६. हिशोब ४८०. खरं तर इतक्या खाली काउंटरच्या मशीनला पाच आणि सहा यांतला फरक नीटसा कळतही नाही. म्हणजे वाढ शून्यच.

आता तापावर ढकलायची सोय राहिली नव्हती.

टिकली की पसरलेलं कुंकू

प्लेटलेटच्या पृष्ठभागावर एचएलए नावाच्या खुणा असतात, त्यांतल्या ए आणि बी या दोन जातींच्या इथे महत्त्वाच्या (रक्तगटाचे ए आणि बी वेगळे). प्रत्येक माणसात ए खुणा दोन आणि बी खुणा दोन, एकेक आईकडून, एकेक बापाकडून. गर्भात बापाच्या खुणा असतात. बाळाच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात, आणि काही बायकांच्या अंगात त्या परक्या खुणांविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. बाळाला त्याचा सहसा त्रास होत नाही, आईलाही कळत नाही. वर्षांनी प्लेटलेटची गरज पडली की तो जुना हिशोब उघडतो. एचएलएचा शोधच मुळी अशा रक्तातून लागला. १९५८ साली नेदरलँड्समध्ये फान रोड आणि अमेरिकेत रोझ पेन यांनी बाळंतपणं झालेल्या बायकांच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्यात, या अँटिबॉडी पाहिल्या. त्याच वर्षी पॅरिसमध्ये झाँ दोसे यांनी अनेकदा रक्त चढवलेल्या रुग्णांच्या सीरमवरून पहिली खूण वेगळी ओळखली. त्यांना १९८० चं नोबेल मिळालं. आमच्या बाईंच्या बाबतीत दोन्ही वाटा उघड्या होत्या, तीन गर्भधारणा आणि वर न गाळलेलं रक्त. पांढऱ्या पेशी गाळल्याने किती फरक पडतो हे १९९७ साली ट्रॅप या अमेरिकन अभ्यासाने आकड्यांत दाखवलं: साध्या प्लेटलेट मिळालेल्या ल्युकेमियाच्या रुग्णांपैकी ४५ टक्क्यांत अशा अँटिबॉडी तयार झाल्या, गाळलेल्या किंवा अतिनील किरणांनी प्रक्रिया केलेल्या प्लेटलेट मिळालेल्यांत १७ ते २१ टक्क्यांत. आपल्याकडे गाळणी अजून सरसकट नाही.

बाईंचं सीरम एचएलए प्रयोगशाळेत पाठवलं. अहवालाला चार दिवस लागणार होते. तोवर नाकातून रक्त यायला लागलं, ईएनटीवाल्यांनी पॅक घातला. चार दिवस नुसतं थांबणं शक्य नव्हतं, म्हणून शेल्फवर होत्या त्या नऊ एसडीपींशी क्रॉसमॅच करायचं ठरवलं.

ही चाचणी बघायला मला आजही आवडते. प्लास्टिकच्या प्लेटमधल्या बारीक वाट्यांच्या तळाशी प्रत्येक दात्याच्या प्लेटलेटचा थर बसवायचा. त्यावर रुग्णाचं सीरम. अँटिबॉडी असतील तर त्या थराला चिकटतात. मग धुवायचं, नीट धुवायचं, आणि खूण दाखवायला खास तयार केलेल्या लाल पेशी घालून प्लेट फिरवायची. अँटिबॉडी चिकटलेल्या असतील तर लाल पेशी जागोजाग अडकतात आणि तळभर लाली पसरते, घामाने विस्कटलेल्या कुंकवासारखी. नसतील तर पेशी घसरत मध्यभागी येऊन गोल ठिपका होतो, नेटकी टिकली. टिकली म्हणजे जुळलं.

नऊपैकी आठ वाट्यांत लाली. सहाव्या वाटीत टिकली. नशीब असं की ती पिशवी ओ गटाचीच होती.

ती पिशवी संध्याकाळी चढली. तासाने काउंट ५ वरून २६ हजार. पिशवीत ३१ हजार कोटी, म्हणजे हिशोब ९,७०० च्या पुढे. हिमॅटॉलॉजिस्टनी, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञांनी, फोनवर आकडा दोनदा विचारून घेतला. दुसऱ्या सकाळी १७. नाकाचा पॅक काढला, रक्त आलं नाही. आणि एवढ्याने सिद्ध झालं की बाईंच्या रक्तात प्लेटलेट टिकू शकतात. ताप तेव्हाही १०१ होता.

पण क्रॉसमॅचचा जोर तेवढाच. जी पिशवी शेल्फवर आहे तिच्याबद्दलच तो सांगतो, आणि पिशवीचं आयुष्य पाच दिवसांचं, बावीस अंशांवर सतत हलत्या तबकात. दोन दिवसांनी पुन्हा शेल्फवरच्या सात पिशव्या लावल्या, सातही वाट्या लाल. दाता येईल, मशीनवर बसेल, मग बघू जुळतंय का, असं रोज करणं म्हणजे अंधारात विहिरीत दोर सोडत बसणं.

नवरा आणि मेहुणा

अहवाल आला. बाईंच्या स्वतःच्या खुणा: ए११, ए३३, बी३५, बी४४. अँटिबॉडी ए२, ए६८, ए२४, ए२३, बी५७, बी५८, बी६०, बी६१ आणि बी७ यांच्याविरुद्ध. ठोकळ हिशोब असा की शंभर दात्यांपैकी ८६ जणांच्या अंगावर यांतली एखादी तरी खूण असणार. ए२, ए२४, बी६१ या आपल्याकडे घरोघरी सापडणाऱ्या खुणा. यादी इतकी महाग पडली ती त्यांच्यामुळे.

बाईंचा नवरा पहिल्या दिवसापासून रक्तकेंद्राच्या काउंटरवर येत होता. गट ओ. शेतकरी माणूस, रक्त निरोगी, काउंट पावणेतीन लाख. "मॅडम, भाईरची माणसं कशाला बोलावताय? माजं घ्या की. नवरा हाय मी तिचा." आणि खरं सांगायचं तर घेतलं होतं. त्या पहिल्या पाच पिशव्यांतली तिसरी त्याचीच. कुणीही त्याला विचारलं नव्हतं की मुलं किती. नवऱ्याचे प्लेटलेट बायकोला शक्यतो देऊ नयेत हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. डेंगीच्या गर्दीत, दाता समोर तयार, गट जुळतोय, म्हणून पाठ असलेलं बाजूला पडलं.

त्याच्या आग्रहाखातर त्याच्याही गालातला नमुना इतरांबरोबर पाठवला. आला: ए२, ए२४, बी५१, बी६१. बायकोच्या यादीतल्या सगळ्यात जोरदार तीन अँटिबॉडी त्याच्याच तीन खुणांविरुद्ध. त्याला समोर बसवून हे सांगणं अवघड गेलं. मी म्हटलं, "दादा, पोरं पोटात असताना तुमची ओळख तिच्या रक्ताला झाली. आता तुमच्या रक्ताला ते लगेच ओळखतं आणि बाहेर काढतं." तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी माझी बाटली दिली ती वाया?" हो म्हणाले. खोटं बोलून काय करणार. "मंग मी करू काय?" त्याला दात्यांना आणण्या-पोचवण्याचं काम दिलं. पुढचे पाच आठवडे त्याने ते चोख केलं.

धाकट्या भावाचं प्रकरण उलटं. भावंडांत एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. बाईंच्या तीन भावंडांपैकी तो एक जुळला, तंतोतंत. म्हणजे त्याचे प्लेटलेट या बाईंच्या अंगात सगळ्यांत छान टिकले असते. आणि नेमके तेच आम्हाला नको होते. ४० च्या आतला रुग्ण आणि जुळणारं भावंड असलं की ॲप्लास्टिक ॲनिमियावर पहिला इलाज अस्थिमज्जा प्रत्यारोपण, आणि तो दाता हाच भाऊ. एचएलए जुळलं तरी दोघांत इतर बारीक खुणांचे फरक असतात. आधीच त्याचं रक्त किंवा प्लेटलेट दिले तर बहिणीचं शरीर त्या बारीक खुणांविरुद्ध तयार होऊन बसतं आणि पुढे त्याची मज्जा नाकारण्याचा धोका वाढतो. म्हणून प्रत्यारोपण होईपर्यंत भाऊ, बहीण, आईबाप कुणाचंच नाही. भाऊ टेम्पो चालवतो. तीनदा काउंटरवर आला, तीनदा परत पाठवला. तिसऱ्यांदा जाताना म्हणाला, "ज्याचं जुळत न्हाय त्याचं घेतलं, ज्याचं जुळतंय त्याला हाकलताय. अजब दुकान हाय तुमचं." यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण त्याचं वाक्य जास्त चांगलं होतं.

काय जुळतं यापेक्षा काय नको

मग दाते शोधायचे कसे? १९६९ साली अमेरिकेत यँकी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं की अशा रुग्णांना एचएलए जुळलेल्या दात्याचे प्लेटलेट टिकतात. त्यावरून जुळण्याच्या प्रती ठरल्या, चारही खुणा सारख्या ती पहिली प्रत, वगैरे. चार खुणा जुळणारा परका दाता मिळवायला हजारो माणसांची तपासलेली यादी लागते. ती आमच्याकडे नाही. देशातल्या बहुतेक रक्तकेंद्रांकडे नाही. पण प्रश्न उलटा विचारला तर तो पुष्कळ सोपा होतो. दाता बाईंसारखा असायची गरज नाही. बाईंच्या नको-यादीतलं त्याच्याकडे काही नसलं की पुरे.

नेहमी एसडीपी देणाऱ्या ओ गटाच्या ३४ दात्यांना फोन केले. २६ जण येऊन गालाच्या आतला नमुना देऊन गेले. निकालात एक गृहस्थ निघाले ए११, ए२४, बी३५, बी४४. चारपैकी तीन खुणा बाईंच्याच! रेसिडेंट खूश. पण चौथी ए२४, बाईंच्या यादीतली. बाद. दुसरे एक ए१, ए३३, बी४४, बी५२, चारपैकी दोनच सारख्या, पण वेगळ्या दोन्ही खुणांविरुद्ध बाईंकडे काही नाही. त्यांची पिशवी चढली तेव्हा काउंट ६ वरून ३१ वर गेला, हिशोब १०,९००. जुळण्याच्या जुन्या प्रतवारीत पहिले गृहस्थ वरचे ठरले असते.

अँटिबॉडीची यादी म्हणजे हो-नाहीचा तक्ता नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. प्रयोगशाळेतल्या मण्यांच्या चाचणीत (बारीक मण्यांवर एचएलए खुणा बसवून त्यांना सीरम लावतात) प्रत्येक अँटिबॉडीचा जोर एका आकड्यात येतो. बाईंचा ए२ चा आकडा १४ हजार, बी७ चा १,८०० च्या आसपास. कुठल्या आकड्याखाली दुर्लक्ष करायचं हे प्रयोगशाळेगणिक बदलतं. आम्ही ठरवलं की अगदीच कुणी मिळालं नाही तर बी७ असलेला दाता क्रॉसमॅच करून घ्यायचा. तशी वेळ आली नाही, पण ठरवून ठेवलं होतं म्हणून रात्री झोप लागली.

२६ पैकी चार दाते निघाले. कागदावर चार म्हणजे चैन: दोन दानांत ४८ तासांचं अंतर, आठवड्यात दोनपेक्षा जास्त नाही, वर्षात २४. पण माणसं कागदावर राहत नाहीत. एकाने दातदुखीसाठी ॲस्पिरिन घेतली होती, तीन दिवस बाद. एकाचा काउंट आला १ लाख ४२ हजार. दीड लाखाच्या खाली घेता येत नाही. सगळ्यांत भरवशाचा दाता एका सहकारी पतसंस्थेत शिपाई, ए११, ए३३, बी४४, बी५१. मशीन सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी त्याच्या ओठांना मुंग्या यायच्या, रक्त गोठू नये म्हणून मिसळतात त्या सायट्रेटमुळे. कॅल्शियमची गोळी चघळत तो टीव्हीवर सासवा-सुनांची मालिका बघायचा. साहेबांनी सुटी नाकारली त्या दिवशी बाईंचा नवरा पतसंस्थेत जाऊन बसला. साहेबांना काय म्हणाला कुणास ठाऊक, सुटी मिळाली.

प्रत्येक पिशवी गाळलेली आणि २५ ग्रे (ग्रे हे मात्रेचं एकक) किरणोत्सर्ग दिलेली. दात्याची एचएलए ठेवण रुग्णाच्या जितकी जवळची, तितक्या पिशवीतल्या उरल्यासुरल्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या अंगात परक्या न ठरता रुजण्याची आणि उलटून हल्ला करण्याची भीती जास्त. हा प्रकार क्वचित होतो, पण झाला तर जवळजवळ नेहमीच जिवावर बेततो.

डेंगीवाल्यांशी भांडणं झाली. एका संध्याकाळी शेल्फवर एकच ओ गटाची एसडीपी, तिच्यावर बेड अकराचं लेबल. एका तरुणाचा काउंट ३८ हजार, कुठे रक्तस्राव नाही, आणि बाहेर दहा नातेवाईक, त्यांतला एक मोबाइलवर माझं शूटिंग करतोय. डेंगीत ३८ हजारांना, रक्तस्राव नसताना, प्लेटलेट लागत नाहीत. त्या वॉर्डाच्या डॉक्टरांनाही ते माहीत होतं, नातेवाइकांपुढे बोलायचं धाडस नव्हतं. पिशवी दिली नाही. तरुण चौथ्या दिवशी घरी गेला.

तिसऱ्या आठवड्यात ए१, ए३३वाल्या त्याच दात्याची पिशवी चढली आणि काउंट ५ वरून फक्त ९ झाला. हिशोब १,८५०. ताप नव्हता. मी म्हटलं योगायोग असेल, आणि दोन दिवसांनी तिसऱ्या क्रमांकाच्या दात्याची पिशवी दिली, तीही गेली. मग सीरम पुन्हा पाठवलं, जे पहिल्या पिशवीनंतरच पाठवायला हवं होतं. ए१ विरुद्ध नवी अँटिबॉडी. दोन्ही दात्यांत ए१ होती. चाराचे दोन झाले. तेव्हापासून दर दोन आठवड्यांनी नवं सीरम, आणि प्रत्येक पिशवीचा आधी क्रॉसमॅच. उरलेल्या दोघांवर पुढचे दिवस निभले. रक्तस्राव नसेल तर दहाऐवजी पाच हजारांपर्यंत थांबायचं, आणि हिरड्यांना रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झामिक ॲसिड, असं हिमॅटॉलॉजिस्टनी ठरवलं. न जुळणाऱ्या पिशव्या उगाच चढवायच्या नाहीत हेही. तेवढं वॉर्डाला पटायला वेळ लागला. पिशवी टांगलेली दिसली की सगळ्यांनाच बरं वाटतं.

साडेपाच आठवड्यांत निवडून दिलेल्या १४ पिशव्या. ११ वेळा तासाचा हिशोब साडेसात हजारांच्या वर. तीन फसल्या, दोन ए१ च्या, एक रक्तात जंतू सापडले त्या दिवशीची. एचएलए निवडूनही वाढ मिळाली नसती तर पुढे एचपीए या प्लेटलेटच्या खास खुणा, किंवा आशियाई लोकांत कधी कधी आढळणारा सीडी३६ या प्लेटलेटवरच्या प्रथिनाचा अभाव तपासावा लागला असता. तिथवर जावं लागलं नाही.

मग प्रत्यारोपण. नवव्या दिवशी भाऊ चौथ्यांदा काउंटरवर. आता बंदी उठली होती, त्याची मज्जा बहिणीच्या हाडांत गेली होती, आता त्याचे प्लेटलेट चालणार होते. हिमोग्लोबिन तपासलं: ११.८. मज्जा काढताना त्याचं रक्त गेलं होतं. साडेबाराच्या खाली घेता येत नाही. मी काही बोलायच्या आधीच तो हसायला लागला. लोहाच्या गोळ्या घेऊन गेला. पिशवी पतसंस्थेच्या शिपायाची चढली. विसाव्या दिवशी बाईंचा काउंट कुठल्याही पिशवीशिवाय २४ होता, आठवड्याने ५१.

या प्रकरणानंतर आमच्या मागणीपत्रात दोन बदल झाले. 'पूर्वीची गर्भधारणा' या रकान्यात रेघ चालत नाही, संख्याच लिहावी लागते, गर्भपात धरून. आणि एसडीपीच्या प्रत्येक पिशवीसोबत एक गुलाबी चिठ्ठी जाते: पिशवी संपल्याची वेळ, नमुन्याची वेळ, काउंट. गेल्या महिन्यात परत आलेल्या चिठ्ठ्या मी मोजल्या. निम्म्याहून थोड्या अधिक भरलेल्या होत्या. काल दुपारी एक आली, तिच्यावर पिशवी संपल्याची वेळ १:४०, नमुन्याची वेळ ६:१५. वॉर्डाला फोन लावला.